इचोड्याच्या पुढे आत्या थांबली नाही

रिटायर झाली त्या दिवशी आत्या शाळेतून घरी आली, सत्काराची शाल काढून खुर्चीवर टाकली आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "मी गाडी घेऊन राह्यली."

बाबा पेपर वाचत होते. "कोनाची गाडी?"

"माही. सोताची. चार चाकाची."

बाबांनी पेपर खाली ठेवला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तलमडुगूकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या वावरात निंदण करणाऱ्या आईच्या पोटी जन्मली, मराठी शाळेत शिकली, मराठी शाळेतच शिक्षिका झाली आणि हेडबाई होऊन बाहेर पडली. आतोबा वारल्यावर ती आदिलाबादला आमच्याच घराच्या वरच्या खोल्यांत राहायला आली. बाबा तिला अक्का म्हणतात आणि तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत. पण एका बाबतीत बाबांचा अधिकार निर्विवाद होता. त्यांनी उभी नोकरी एका सरकारी ऑफिसची जीप चालवण्यात घालवली होती आणि त्यांच्या नावावर कधी एक चलान फाटलं नव्हतं. त्यामुळे आत्याची जुनी, पांढरी, बुटकी कार दारात आली तेव्हा ती चालवायला शिकवायचं काम आपोआप बाबांकडे गेलं.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात रोज सकाळी शिकवणी चाले. मी मागच्या सीटवर बसायची. आत्याला एकटीला बाबांच्या तावडीत द्यायचं नव्हतं, हे एक कारण. खरं कारण म्हणजे असा तमाशा मला फुकट दुसरीकडे कुठे मिळाला असता!

"क्लच! अक्का, क्लच दाब!"

आत्या शांतपणे गाडी थांबवायची, बाबांकडे वळायची आणि म्हणायची, "वर्गात आवाज नाई पायजे." मग पुन्हा चालू. गिअरचाही तिनं आपल्या परीनं हिशेब लावला होता. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. पण पोरगं पक्कं झाल्याशिवाय वर ढकलायचं नाही. इंजिन बिचारं दुसरीत रडत राहायचं, बाबा कपाळावर हात मारायचे, "अगं तिसरी टाक, तिसरी!" आणि आत्या म्हणायची, "थांब जरा. कच्चं हाय आजून."

चौथ्या गिअरपर्यंत ती कधी गेलीच नाही. शिकाऊ लायसन मात्र निघालं. त्यावर गाडी चालवायची तर शेजारी पक्कं लायसनवाला माणूस बसलेला लागतो. तो माणूस म्हणजे बाबा.

धम्मचक्र दिनानंतरच्या रविवारी नेरडीगोंड्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. बहिणीचं बाळंतपण सासरीच झालेलं, आई आधीपासून तिकडेच. आमच्याकडून पाळणा जायचा होता. लाल-हिरव्या रंगाचा, कडेला पोपट कोरलेला लाकडी पाळणा. तो गाडीच्या टपावर बांधताना बाबांचं आणि आत्याचं वाजलं. बाबा म्हणाले, पाळणा पालथा बांध. आत्या म्हणाली, पालथा पाळणा घेऊन बारशाला जात नसतात, अपशकुन दिसतो. बाबा म्हणाले, शकुन-अपशकुन तू कधीपासून मानायला लागलीस? आत्या म्हणाली, मी नाही मानत, विहीणबाई मानतात. शेवटी बाबांनी हातातला दोर टाकला.

"तुमी जा मंग गाडीनं. मी बसनं येतो. मले जीव प्यारा हाय."

आणि खरोखर बसस्टँडकडे चालायला लागले. आम्हाला वाटलं कोपऱ्यावरून परत येतील. नाही आले. आत्यानं थोडा वेळ वाट पाहिली, साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "बस समोर."

हायवेला लागलो. आत्यानं डावी बाजू धरली आणि तिसरीत गाडी लावली ती लावली. ट्रक भोंगे वाजवत निघून जात होते, एका ट्रॅक्टरनंसुद्धा आम्हाला मागे टाकलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता, टपावर उताणा पाळणा करकरत होता. इचोड्याला धाब्यावर चहा प्यालो. तिथल्या माणसानं पाळणा बघून विचारलं, "मुलगा का मुलगी?" आत्या म्हणाली, "मुलगी! गाडी चालवनार हाय!" आम्ही दोघी इतक्या खुशीत होतो की चहाचे ग्लास धाब्यावर ठेवायचे विसरून गाडीत घेऊन आलो आणि परत द्यायला मी पळत गेले.

इचोडा मागे पडल्यावर थोड्या अंतरावर रस्त्यात बॅरिकेड दिसले. तपासणी चालू होती. एका कॉन्स्टेबलनं आमच्याकडे बघून हात वर केला.

आत्यानं गाडी हळू केली. मी डॅशबोर्डमधून कागद काढायला लागले.

"तुह्याजवळ लायसन हाय ना?" आत्यानं विचारलं.

"स्कुटीचं हाय."

"आन् माहं?"

"शिकाऊ. बाजूला लायसनवाला पायजे."

"तो कुठी हाय?"

"बसनं येऊन राह्यला."

आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. शाळेत इन्स्पेक्टर यायचे, आमदार यायचे, एकदा वर्गात साप निघाला होता, तेव्हाही ती हलली नव्हती. आता तिचे ओठ पांढरे पडले.

"केस होईल?"

"काईतरी होईल. चलान फाडतीन."

"केस झाली तं पेन्शन बंद होते."

"कोनं सांगितलं तुले?"

आत्यानं रेस दाबली.

कॉन्स्टेबल बाजूला उडी मारून वाचला. दोन बॅरिकेडांच्या मधल्या फटीतून आमची बुटकी गाडी अशी सटकली, की त्या फटीतून मी माझी स्कुटीही नेली नसती. मागे शिट्ट्या वाजल्या. मी ओरडले, "आत्या, थांब! थांब वो!" आणि ओरडता ओरडता मला हसू फुटलं. भीतीचं हसू होतं ते. पोटातून वर येत होतं आणि आवरत नव्हतं.

"हासू नको!" आत्या ओरडली, आणि तीही हसायला लागली.

मागे जीपचा सायरन सुरू झाला. आत्यानं आरशात पाहिलं आणि हायवे सोडून डावीकडच्या गावरस्त्याला गाडी वळवली. वळताना तिनं इंडिकेटर दिला. पोलिसांपासून पळणाऱ्या बाईनं इंडिकेटर दिला! मग पोलिसांनाही इंडिकेटर द्यावा लागला असणार, कारण जीपही अगदी शिस्तीत आमच्या मागे वळली. लाउडस्पीकरवरून आवाज आला, "मॅडम, बंडी आपंडी! बंडी आपंडी!" गाडी थांबवा म्हणून तेलुगूत सांगत होते.

"मॅडम म्हनून राह्यले," आत्या म्हणाली. "वळखीचे दिसतेत."

"मंग थांब ना!"

"वळखीच्यासमोर कशी थांबू?"

रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडी जोर धरायला लागली. इंजिन रडायला लागलं, आत्याचा हात गिअरवर गेला, एक खट आवाज झाला, आणि गाडी एकदम गप्प होऊन वाऱ्यासारखी निघाली.

"पोरी! चौथी लागली! चौथी!"

तिचा आनंद बघून मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. खिडकीतून वारा आत येत होता, आत्याचा अंबाडा सुटला होता, कापसाची वावरं दोन्हीकडून पळत होती. त्या क्षणी आम्हाला ना पोलीस आठवत होते ना पेन्शन. आयुष्यभर पोरांना पळू नका म्हणणारी बाई पळत होती आणि मी तिच्या शेजारी होते.

पुढच्या वळणावर सायकलवाला आला.

सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनी होत्या. तो मधोमध चालला होता, कारण त्या रस्त्यावर मधोमध चालायला कोणी कधी हरकत घेतली नव्हती. आत्यानं स्टिअरिंग फिरवलं. तो माणूस माझ्या खिडकीपासून इतका जवळून गेला की त्याच्या डोळ्यांतली भीती मला दिसली. मग सायकल, कॅनी आणि माणूस, सगळं रस्त्याकडेच्या चारीत. त्याच झटक्यात वरचा दोर सुटला. पाळणा टपावरून सरकला आणि समोरच्या काचेवर येऊन बसला. पुढे फक्त कोरलेले पोपट दिसत होते. आत्यानं सापडेल तो ब्रेक दाबला, गाडी वावरात उतरली आणि काळ्या मातीत रुतून बंद पडली.

हसू कुठच्या कुठे गेलं. आत्यानं दार उघडलं आणि अनवाणी, मागे वळून, त्या माणसाकडे धावत सुटली. पोलिसांची जीप समोरून येत होती. तिनं जीपकडे बघितलंसुद्धा नाही.

तो माणूस चारीत बसून होता. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होता. दूध मातीत जिरत होतं. आत्या त्याच्यापुढे चिखलात बसली, त्याचे हात-पाय चाचपून बघायला लागली. "लागलं का रे बाबा? डोकं दुखते का? माह्याकडं पाय. किती बोटं हाय?" तो म्हणाला, "बाई, पाळना कुठी चालला होता?"

जीपमधून एक तरुण एसआय मॅडम उतरल्या. त्यांना मराठी कळत होती, बोलायच्या मात्र तेलुगू आणि हिंदी मिसळून. आधी त्यांनी दूधवाल्याला उठवून पाणी पाजलं. मग आत्याकडे वळल्या. "एंदुकु पारिपोयारु मॅडम? काय को भागे?"

"भयम् वेसिंदि," आत्या म्हणाली. भीती वाटली. आणि पेन्शनचं सांगितलं.

एसआय मॅडमनी एकदम पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलताना मला दिसले. परत वळल्या तेव्हा चेहरा कडक होता.

"रुकते, तो मैं चलान लिखती. पाँच मिनट का काम. पेन्शन-विन्शन कुछ नहीं जाता. अभी भागे, तो केस है. खतरनाक चलाना, पोलीस ने रोका तो नहीं रुकना, सब लगेगा. ये आदमी मर जाता तो?"

आत्या म्हणाली, "बराबर हाय." बस, एवढंच. बहाणा नाही, रडणं नाही. स्वतःच जाऊन जीपमध्ये बसली.

स्टेशनात जबाब झाला, नोटीस दिली, गाडी जप्त झाली. कोर्टाची तारीख आली की हजर व्हायचं, असं सांगून आम्हाला सोडलं. एव्हाना बारशाची वेळ टळायला आली होती. मी दारात उभी राहून ऑटो बघत होते, पण पाळणा बघून एकही ऑटोवाला थांबायला तयार नव्हता. एसआय मॅडम बाहेर आल्या. जीप नेरडीगोंड्याकडेच निघाली होती. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "ऊपर बांधो. उलटा बांधो, नहीं तो गिरेगा."

बहिणीच्या सासरी अंगणात मांडव होता. बुद्धवंदना झाली होती, बायका पाळण्याची वाट बघत बसल्या होत्या. बाबा बसनं कधीच पोचले होते आणि ‘गाडीवाल्या’ आल्या नाहीत म्हणून मनातून खूश होऊन सगळ्यांना चहा देत होते. तेवढ्यात पोलिसांची जीप अंगणात शिरली. विहीणबाई ताडकन उठल्या. जीपच्या टपावर पालथा पाळणा, मागच्या सीटवर चिखलानं भरलेली, केस मोकळे सुटलेली आत्या.

बाबांच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. "अक्का," ते म्हणाले, "हे काय?"

"पाळना आनला," आत्या म्हणाली. "पालथा बांधून."

आधी कोणीच हसलं नाही. मग मांडवाच्या कोपऱ्यातून माझी आई हसली, बहीण बाळाला छातीशी धरून हसली, आणि हसणं अंगणभर पसरलं. एसआय मॅडमना विहीणबाईंनी ओढून आत नेलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाळाच्या पाळण्याची पहिली दोरी एसआय मॅडमनीच ओढली.

नंतर आत्या मला घेऊन दूधवाल्याच्या घरी गेली. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यानं खाटेवर बसवलं, बायकोला हाक मारली, आणि गाडी कशी आली, पाळणा कसा सरकला, आत्या कशी धावली, हे अंगणात करून दाखवलं. बायको हसून हसून बेजार. पण निघताना तो म्हणाला, "बाई, आता मांगून गाडीचा आवाज आला ना, तं मी उतरूनच जातो सायकलवरून."

कोर्टात वकील म्हणाला, ब्रेक फेल झाले होते असं सांगू. आत्या म्हणाली, "गाडीवर खोटं नाई टाकनार. गाडीनं माही इज्जत राखली." पुकारा झाला तेव्हा ती उभी राहिली आणि गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, का पळालात? ती म्हणाली, "साहेब, हात दाखवला का थांबाचं, येवढाच कायदा हाय. मी पोराईले ह्येच शिकवलं. सोतावर आलं तवा इसरली." दंड झाला. त्यावर काही दिवस चौकात ट्रॅफिक पोलिसांसोबत उभं राहून सेवा करायची, असाही हुकूम झाला.

शिक्षा म्हणून दिलेली ही गोष्ट आत्याला इतकी मानवली की सांगायची सोय नाही! पांढऱ्या साडीवर चमकणारं हिरवट जाकीट, गळ्यात शिट्टी. पहिल्याच सकाळी अर्ध्या चौकानं तिला ओळखलं. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता ऑटो चालवत होती, बँकेत होती, दुकानं थाटून बसली होती. सिग्नल तोडणारा ऑटोवाला तिचा चेहरा बघून गाडी ढकलत मागे न्यायचा. "नमस्ते टीचर, जयभीम बाई, चुकलं बाई." ट्रॅफिकचा हवालदार मला म्हणाला, यांना इथेच कायमचं ठेवता येईल का?

मी दुपारी तिचा डबा घेऊन जायची. एके दिवशी चौकात उभी असताना मला बाबा दिसले. स्कुटर, मागे भाजीची पिशवी, डोक्यावर हेल्मेट नाही. ते मजेत येत होते. आपली बहीण पलीकडच्या चौकात असते अशी त्यांची समजूत होती. त्या दिवशी तिला या चौकात उभं केलेलं.

आत्यानं हात वर केला. शिट्टी वाजवली.

बाबांनी तिला पाहिलं. आणि ज्या माणसाच्या नावावर आयुष्यात एक चलान नव्हतं, त्या माणसानं भर रस्त्यात स्कुटर गर्रकन वळवली आणि उलट्या दिशेनं सुसाट सुटला. पिशवीतून वांगी उडाली. एक, दोन, बरीच.

"ये! थांब!" आत्या ओरडली. "थांब म्हनते!"

हवालदारानं मोटरसायकलला किक मारली. आत्यानं त्याचं हॅंडल पकडलं. "नोको जाऊ मांगं. तुमी मांगं गेले का तो आजून जोरात पळते. मदात कोनी सायकलवाला आला तं? नंबर लिवा, मी सांगते." आणि तिनं आपल्या सख्ख्या भावाच्या स्कुटरचा नंबर घडाघडा सांगितला. मी रस्त्यात वांगी वेचत होते आणि मला इतकं हसू येत होतं की एक वांगं उचललं की दुसरं पडत होतं.

बाबा संध्याकाळी घरी आले ते मागच्या दारानं. चलानचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या आधी पोचला होता. आत्या ओट्याजवळ भाकरी थापत होती. बाबा पाण्याच्या माठापाशी येऊन उभे राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "मले खरंच थांबाचं होतं वो. पन हात आपोआपच वळला."

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, असा कसा हात आपोआप वळतो? आत्यानं पीठ लागलेला हात कपाळाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. "हाव रे," ती म्हणाली, "वळते. मले मालूम हाय ना, वळते तो." बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि माठाला धरून खाली बसले. दोघं म्हातारी भावंडं स्वयंपाकघरात इतकी हसली की तव्यावरची भाकरी जळली, आणि जळका वास आला म्हणून आई अंगणातून धावत आली. तिला काय झालं ते कोणालाच सांगता येईना.

"सांगा तरी!" आई म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाले. शेवटी आईनं तवा उतरवला, परात आपल्याकडे ओढली आणि राहिलेल्या भाकरी तिनंच केल्या. भाजी वांग्याची होती.